खाडीचं गेट

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर जलतरंग नौका मंडळाची टिनाची शेड होती. शेडला एक कुलूप, कुलपाला तीन किल्ल्या. एक अध्यक्षांकडे, दुसरी चिटणिसांकडे आणि तिसरी देवाजींकडे, कारण देवाजींचं घर सगळ्यांत जवळ. जयवंता रंगारीला चौथी किल्ली हवी होती. त्या किल्लीसाठी नऊ वर्षं ती पहाटे सव्वापाचला सायकल घेऊन शेडपाशी उभी राहत होती आणि कुणीतरी पूर्ण सभासद डोळे चोळत येण्याची वाट बघत होती.

मंडळात दोन प्रकारचे सभासद होते, पूर्ण आणि सहयोगी. पूर्ण सभासदाला होडी एकट्यानं काढता यायची. सहयोगी सभासदाच्या होडीत मात्र एक पूर्ण सभासद बसलेला असावा लागे. बायका सगळ्या सहयोगी. 'सगळ्या' म्हणजे एकटी जयवंता.

ती धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात सिस्टर होती. राहायची इंदोऱ्याला, आईबरोबर. छप्पन साली दीक्षा झाली तेव्हा ती आठ वर्षांची होती. बापाच्या खांद्यावरून तिला फक्त माणसांची डोकी दिसली होती, आणि हे ती तसंच सांगायची, त्यात काही भर घालायची नाही. एकोणसत्तर साली मंडळानं 'सेवाभावी भगिनींसाठी नौका शिबीर' भरवलं. धंतोलीतून सहा सिस्टर आल्या. वल्हं हातात धरून त्यांचा फोटो निघाला, वर्तमानपत्रात छापून आला आणि पाच जणी घरी गेल्या. जयवंता दुसऱ्या दिवशी परत आली. शिबीर संपलं असं तिला सांगण्यात आलं. तिनं विचारलं, मग होड्या कुठं गेल्या?

मंडळाचे सभासद बेचाळीस. त्यातले होडीत बसणारे नऊ. बाकीचे कोजागिरीला दूध प्यायला यायचे आणि वार्षिक फोटोत वल्हं गदेसारखं खांद्यावर घेऊन उभे राहायचे. अध्यक्ष भैय्याजी, लकडगंजातल्या लाकूड चिरायच्या आरा मशीनचे मालक. पहिली कयाक त्यांनी आपल्याच मिस्त्रीकडून बनवून घेतली, अस्सल सागाची, कपाटाला वापरतात तशा जाडीची. ती उचलायला सहा माणसं लागत आणि पाण्यात ती मगरीसारखी अर्धी बुडून राही. तरी भैय्याजी तिच्यावर हात फिरवून म्हणायचे की पन्नास वर्षं हिला काही होत नाही. ते खरं होतं. तिला कुणी पाण्यात घालत नव्हतं, मग होणार काय? पुढच्या होड्या मात्र बांबूच्या सांगाड्यावर कॅनव्हास ताणून, वरून रंग देऊन केल्या. दोन माणसांची एक, हलकी आणि चालायला चांगली.

चिटणीस गोपाळराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं त्यांनी पाण्याच्या फायली सांभाळल्या. मंडळाची घटना त्यांनीच लिहिली, एकूण अठ्ठावीस नियम. जयवंता भावाची जुनी पँट घालून होडीत बसायची, तर त्यावर कार्यकारिणीत पाऊण तास चर्चा झाली आणि 'वेशभूषा शालीन असावी' असा ठराव झाला. जयवंतानं ठराव वाचला, पँटवर लांब कुडता चढवला आणि होडीत बसली. गोपाळरावांचं समाधान झालं. ठराव झाला की त्यांचं समाधान व्हायचं.

या सगळ्यांबद्दल जयवंताला काय वाटायचं, ते ती लपवत नसे. दवाखान्यात मोठमोठे लोक तिनं उघड्या पाठीच्या झग्यात पाहिले होते. टायवाले कुठल्या सुईला घाबरतात ते तिला माहीत होतं. मंडळाच्या सभेत कुणी भाषणाला उभा राहिला की ती घड्याळ काढून नाडी मोजल्यासारखी त्याच्याकडे बघे. त्यामुळे तिला मित्र नव्हते. पाण्यावर मात्र तिच्या तोडीचं कुणी नव्हतं, हे नऊच्या नऊ जण जाणून होते आणि नऊच्या नऊ जण बोलत नव्हते.

पूर्ण सभासद होण्याचा एक रस्ता घटनेत होता. नागपूरबाहेरच्या एका मोहिमेत भाग घ्यायचा, मग अर्ज करायचा. त्या नियमात पुरुष-बाई असा भेद लिहायचा राहून गेला होता. गोपाळरावांच्या ते लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत कोकणातल्या एका मंडळाचं पत्र आलं: आमच्या खाडीत या, आठ माणसं आणा. बेचाळीसातून सात निघाले. आठवी जयवंता.

जानेवारीत भैय्याजींच्या ट्रकवर चार होड्या गेल्या आणि माणसं रेल्वेनं, मग एसटीनं. गोपाळरावांनी कार्यक्रमपत्रिका नागपुरातच छापून घेतली होती. सकाळी पावणेआठला बंदरावरून निघायचं. सहा मैल वर एका गावी पोचायचं. अकरा वाजता सरपंचांच्या हस्ते सत्कार, बाराला मनोगतं, एकला भोजन, तीनला परतीचा प्रवास. आठ माणसांपैकी सात जणांची मनोगतं होती. जयवंताच्या नावापुढे 'आभार' असं छापलं होतं.

बंदरावर उतरल्या उतरल्या तिला धक्क्याचे खांब दिसले. पाण्याच्या वर पुरुषभर उंचीपर्यंत ते ओले होते आणि त्यांवर शेवाळ होतं. फुटाळ्याच्या भिंतीवर ओली खूण उतरायला उन्हाळ्याचे तीन महिने लागतात. इथं ती रातोरात उतरली होती. तिनं खाडीपार माणसं नेणाऱ्या तरीवाल्याला गाठून विचारलं. तो जाळं उलगडत होता, मान वर न करता त्यानं सांगितलं की साडेनऊला भरती भरेल, मग पाणी फिरेल. वर जाताय तर अकराच्या आत माघारी निघा, नाहीतर संध्याकाळपर्यंत चिखलात बसा.

जाताना मजाच झाली. चारही होड्या बाणासारख्या निघाल्या. ज्यांना फुटाळ्यावर तासाला तीन मैल जमत नव्हते, ते पावणेपाच मैलांनी चालले होते. गोपाळराव मांडीवर वही ठेवून वेळ टिपत होते. भैय्याजी पुढच्या होडीतून मागे वळून म्हणाले, हा नागपूरच्या संत्र्याचा जोर आहे. सगळे हसले. सहा मैल सव्वा तासात संपले तेव्हा दोघातिघांनी दंड चाचपून पाहिले. आपल्याला मागून पाणी ढकलत आहे हे जयवंताच्या वल्ह्याला कळत होतं. तिनं वल्हं अर्धं मारलं तरी होडी तेवढीच पळत होती.

गावात मांडव होता, हार होते, शाळेची पेटी होती. साडेदहाला तिनं गोपाळरावांना बाजूला घेतलं आणि तरीवाल्याचं म्हणणं सांगितलं. त्यांनी पत्रिका उघडून तिच्यापुढे धरली.

"सिस्टर, भरती-ओहोटी समुद्राला असते. समुद्र सहा मैल खाली राहिला. ही नदी आहे."

"पाणी खारट आहे, साहेब. मी चाखून पाहिलं."

"मग नदी खारट असेल," गोपाळराव म्हणाले आणि सरपंचांना हार कुणी घालायचा ते बघायला निघून गेले.

जयवंता मांडवात जाऊन शेवटच्या खुर्चीवर बसली. एकदा सांगितलं होतं. दवाखान्यात डॉक्टरला ती दोनदा सांगायची, तीनदा सांगायची, पेशंट तिथं पडलेला असायचा म्हणून. इथं कुणी पडलेलं नव्हतं. भाषणं सुरू झाली. भैय्याजी विदर्भाच्या जलपरंपरेवर पंचवीस मिनिटं बोलले. माडांच्या मधून खाडीची एक पट्टी दिसत होती आणि ती पट्टी अरुंद होत होती. जयवंता ती बघत बसली आणि, खरं सांगायचं तर, तिला बरं वाटत होतं. आभाराला ती उठली तेव्हा सगळ्यांचे आभार मानते एवढंच म्हणाली. जेवण लांबलं. सोलकढीवरही एक भाषण झालं.

तीनला मंडळी हार गळ्यात घेऊन काठावर आली. खाडी नव्हती. चार होड्या काळ्या चिखलात तिरक्या पडल्या होत्या आणि पलीकडे, दीडशे पावलांवर, घोटाभर पाण्याची एक रेघ वाहत होती. चिखलातून खेकडे चालले होते.

 मग गोपाळराव, पाण्याची बत्तीस वर्षं ज्यांच्या हाताखालून गेली ते गोपाळराव, ठाम आवाजात म्हणाले, "गेट उघडलं कोणीतरी."

सगळ्यांना ते एकदम पटलं. नागपूरच्या माणसाला पाणी कमी झालेलं दिसलं तर दुसरं काय सुचणार? तलावाचं पाणी उन्हानं उतरतं, नाहीतर दार उघडल्यानं. ऊन तर जानेवारीचं होतं. गोपाळरावांनी सरपंचांना विचारलं, प्रकल्प कुठल्या बाजूला आहे? सरपंच म्हणाले, कसला प्रकल्प? गोपाळरावांनी सत्काराच्या पत्रिकेच्या पाठीवर तारेचा मजकूर लिहिला: पाणी त्वरित बंद करावे, मोहिमेतील आठ नौकापटू अडकले आहेत. तो घेऊन ते गावच्या पोस्टात गेले. पोस्टमास्तरांनी चष्मा लावून मजकूर वाचला, कुणाच्या नावे पाठवायची ते विचारलं, आणि शांतपणे कागद परत दिला.

"ही चंद्राला पाठवावी लागेल. आमच्याकडे ती सोय नाही."

गोपाळरावांना त्यात विनोद दिसला नाही. खालच्या माणसाला अधिकार नसतो, एवढाच अर्थ त्यांनी घेतला.

तोवर भैय्याजींनी हुकूम दिला होता की होड्या ओढत पाण्यापर्यंत न्यायच्या. जयवंता म्हणाली, राहू द्या, संध्याकाळी पाणी येते. तिचं कुणी ऐकलं नाही. चिखलात कालवांच्या शिंपा सुऱ्यांसारख्या उभ्या होत्या. दोन होड्यांचा कॅनव्हास वीस पावलांत खालून फाटला. भैय्याजी गुडघ्यापर्यंत रुतले. त्यांना दोघांनी उपसून काढलं, एक बूट तिथंच राहिला. गावातल्या बायका कपडे वाळत घालायचं सोडून बघत उभ्या राहिल्या. जयवंता आपल्या होडीत जाऊन बसली, चिखलातच, आणि पिशवीतली बोरं खाऊ लागली. सहाच्या सुमारास पाणी कुणाच्याही हुकमाशिवाय आलं, होडीच्या बुडाला लागलं आणि होडी सरळ झाली. फाटलेल्या दोन होड्या आणि चार नौकापटू यांना भरतीबरोबर वर आलेल्या तरीवाल्यानं आपल्या होडीतून खाली आणलं.  

नागपुरात मात्र बातमी आली ती 'नागपूरच्या जलवीरांची खाडीवर स्वारी' अशी. स्टेशनवर हार झाले. लकडगंजात पेढे वाटले गेले. पंधरा दिवसांनी जयवंतानं पूर्ण सभासदत्वाचा अर्ज दिला, आणि त्याच आठवड्यात गोपाळराव एका संध्याकाळी धंतोलीत दवाखान्याच्या व्हरांड्यात आले. हातात मोहिमेचा अहवाल, टाईप केलेला, सहा पानं. खाली आठ जणांची नावं आणि सात सह्या. खिशातून त्यांनी चौथी किल्ली काढून बाकावर ठेवली. नवी होती, कानशीचे कण तिला अजून लागलेले होते.

"कार्यकारिणीचं मत अनुकूल आहे," ते म्हणाले. "अहवाल मंजूर झाला की अर्ज मंजूर. एवढी सही राहिली."

जयवंतानं ड्यूटीचा रुमाल खिशात कोंबला आणि वाचायला घेतलं. वेग तासाला पावणेपाच मैल, 'कसून केलेल्या सरावामुळे'. मग, 'संबंधित यंत्रणेने कोणतीही पूर्वसूचना न देता पाणी सोडल्यामुळे परतीच्या प्रवासास विलंब झाला.' तिला हसू आलं, ते तिनं दाबलं नाही. नऊ वर्षं सव्वापाचला उभी राहिलेली बाई. कागद खोटे असतात, त्यांनी मंडळ चालतं, पाण्याला त्याचं काय? तिनं पेन उघडलं. शेवटचं पान तिनं केवळ सवयीनं वाचलं, चार्टवर सही करण्याआधी वाचतात तसं. तिथं शिफारस होती. पुढील वर्षी महाविद्यालयीन वीस विद्यार्थ्यांचे पथक त्याच खाडीत न्यावे. सकाळी नऊ ते चार या वेळात पाण्याची पातळी कायम ठेवण्याबाबत आधी पत्र द्यावे.

तिनं पेन मिटलं.

"हे वीस पोरं कोण नेणार, साहेब?"

"मी आहे. भैय्याजी आहेत. तुम्ही पूर्ण सभासद झालात तर तुम्हीही."

"आणि परतताना पाणी ओढून राहिलं, समुद्राकडे, तर? आपण चिखलात बसलो म्हणून वाचलो. मधात असतो तर गेलो असतो खाली. त्या पोरायले पोहता येते का, कोणी विचारलं?"

"त्याचसाठी पत्र द्यायचं आहे ना."

"कोणाले? चंद्राले?"

गोपाळरावांचा चेहरा कडक झाला. ती म्हणाली की एक ओळ घाला: भरती इतक्या वाजता, ओहोटी इतक्या वाजता, तरीवाल्याला विचारूनच निघावे. मी लगेच सही करते. गोपाळराव म्हणाले, ती ओळ घातली तर पान तीन खोटं ठरतं. पान तीनवर पत्रिकेचा उल्लेख आहे. पत्रिकेवर माझं नाव आहे.

"तर ठरू द्या."

मग गोपाळराव असं काही बोलले, जे त्यांच्याकडून तिला अपेक्षित नव्हतं. आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं, सिस्टर. तुम्ही मला एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा काहून नाही सांगितलं? मांडवात सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या होत्या आभाराला. तेव्हा काहून नाही?"

जयवंताकडे उत्तर होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं: तेव्हा मी मजा बघून राहिली होती. आतून कुणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाक मारत होतं. तिनं अहवाल घडी करून त्यांच्या हातात दिला आणि किल्ली त्यावर ठेवली.

"म्हणूनच नाही करत सही," ती म्हणाली. "या खेपेला दोनदा सांगते. पाणी भरतं आणि ओसरतं. पाणी भरतं आणि ओसरतं. लिहून घ्या."

कार्यकारिणीची सभा लकडगंजात भैय्याजींच्या ऑफिसात झाली. बाहेर आरा चालू होता, त्यामुळे सगळे ओरडून बोलत होते आणि दर वाक्याला भुसा उडून कागदावर बसत होता. एक सही नाही तर नाही, पुढे चला, असं भैय्याजी म्हणाले. पण नियम चौदा आडवा आला. मोहिमेच्या अहवालावर सहभागी सर्वांच्या सह्या असल्याशिवाय तो मंजूर होत नाही. हा नियम गोपाळरावांनीच कन्हान नदीच्या मोहिमेनंतर घातला होता, दोन सभासदांनी आपण गेलोच नव्हतो असं सांगितलं तेव्हा. भैय्याजी म्हणाले, तुमचाच नियम, तुम्हीच खोडा. गोपाळराव म्हणाले, घटना आहे ती, पाटी नाही खोडायला. खोटा अहवाल त्यांनी एका संध्याकाळी लिहिला होता. नियम मोडणं मात्र त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. तेवढा एक प्रामाणिकपणा त्या माणसात होता आणि तो नेमका तिथं होता.

मग जे झालं ते ओघानंच झालं. अहवाल मंजूर नाही, म्हणजे मोहिमेची नोंद नाही. नोंद नाही, म्हणजे मंडळाच्या दप्तरी मोहीम झालेली नाही. झालेली नाही, तर तिच्यातल्या शिफारशीवर विद्यार्थी नेता येत नाहीत. आणि न झालेल्या मोहिमेत कुणी भागही घेतलेला नाही, सबब जयवंता रंगारी यांचा अर्ज अपात्र. स्टेशनवरच्या हारांचा फोटो स्मरणिकेतून काढावा लागला. त्याच्या जागी भैय्याजींच्या सागाच्या होडीचा छापला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळं तिला देवाजींनी सांगितलं. सरकारी छापखान्यात जन्म गेलेला, सत्तरीला टेकलेला, कुणाशीच वैर नसलेला माणूस. त्या दिवशी ते पावणेसहाला आले, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर. कुलूप काढता काढता ते म्हणाले, "तुयी मोहीमच झाली नाही म्हणते वं ते. आपण कोकणात गेलोच नाही."

"बरं झालं. भैय्याजीचा बूट वापस आला का मग?"

देवाजी हसले आणि खोकले. मग त्यांनी सुचवलं की पुढच्या मोहिमेपर्यंत दोन वर्षं जातील, अजूनही सही केली तर गोपाळराव घेतील, फाईल बंद झालेली नाही. पोरांचं तेव्हाचं तेव्हा पाहू. जयवंतानं होडीचं एक टोक धरलं आणि दुसरं धरायला त्यांना खूण केली. होडी पाण्यात सोडली. देवाजी मागच्या जागेवर आपलं वल्हं ठेवायला लागले तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, ते राहू द्या काठावर. तुमी पुढं बसा. काही करू नका."

"काहून वं?"

"पूर्ण सभासद होडीत बसलेला पायजे, असं लिहिलं आहे. वल्हं मारलं पायजे असं कुठं लिहिलं?"

देवाजींनी नियम मनात वाचून पाहिला. त्यांच्याच छापखान्यात तो छापला होता. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यांनी वल्हं काठावर ठेवलं, पुढे बसून मफलर कानाला गुंडाळला आणि हात मांडीवर घेतले. मधल्या पाण्यापर्यंत जाईतो त्यांचे डोळे मिटले होते. जयवंतानं वल्हं पूर्ण मारायला सुरुवात केली आणि सव्वासातच्या ड्यूटीपर्यंत ती ते मारत राहिली.